लग्नाच्या दिवशी कॅमेऱ्यासमोर चेहरा आखडतो, त्यावर काय करावं

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: वैशाखात चोपड्याजवळच्या गावी तुमचं लग्न आहे, नवरा मुलगा शिरपूरचा. साखरपुड्याचे चारशे फोटो आले, त्यातला एकही तुम्हाला आवडला नाही. कॅमेरा समोर आला की चेहरा आखडतो, हात कुठे ठेवावेत कळत नाही, हसू ओठांवरच थांबतं. नवरा मुलगा म्हणतो, प्री-वेडिंग करू म्हणजे सवय होईल. आजीला ते पसंत नाही. चष्मा ठेवावा की काढावा हे ठरत नाही. आणि रोज रात्री व्हिडिओ बघून आरशासमोर पोझचा सराव चालू आहे, पण त्याने आणखीच बिघडतंय असं तुम्हीच लिहिलंय.

मी अमळनेर तालुक्यात स्टुडिओ चालवतो. वडिलांच्या हाताखाली रोलच्या कॅमेऱ्यावर शिकलो. ३६ फोटोंचा एक रोल, आणि त्यात आख्खी हळद बसवायची, असे ते दिवस होते. गेली २४ वर्षं जळगाव, धुळे, नंदुरबार अशा तिन्ही जिल्ह्यांत लग्नं करतोय. तुमच्यासारख्या नवऱ्या मुली मला दर सीझनला भेटतात, आणि खरं सांगतो, मोकळ्या मुलींपेक्षा त्याच जास्त असतात.

पहिली गोष्ट आजपासूनच करा. आरशासमोरचा सराव बंद करा.

कारण सांगतो. तुमच्या प्रश्नात एक वाक्य आहे, जे तुम्ही सहज लिहून पुढे गेलात: मैत्रिणीने नकळत मोबाईलवर काढलेले फोटो बरे येतात. म्हणजे चेहऱ्यात काही खोट नाही. फरक पडतो तो आपल्याला कोणीतरी बघतंय हे कळल्यावर. तुम्हाला पोझ येत नाही ही अडचण नाहीच. कॅमेरा वर झाला की तुमचं सगळं लक्ष स्वतःकडे वळतं, हनुवटी कशी आहे, दात दिसतात का, हात कुठे आहेत, आणि समोरचं माणूस, चाललेला विधी, हातातलं काम हे सगळं सुटतं, ही खरी अडचण. आरशासमोर उभं राहून तुम्ही रोज अर्धा तास नेमकी हीच सवय लावून घेताय.

हसण्याचंच घ्या. ड्युशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८६२ साली दाखवून दिलं की मनापासून आलेल्या हसण्यात ओठांचे कोपरे तर वर जातातच, पण डोळ्यांभोवतीचा गोल स्नायूही आकसतो. ओठांचा स्नायू आपल्या हुकमात असतो, डोळ्यांभोवतीचा बहुतेकांच्या हुकमात नसतो. म्हणून फोटोग्राफर ‘स्माईल’ म्हणाला की तोंड हसतं आणि डोळे तसेच राहतात. साखरपुड्याच्या फोटोंत तुम्हाला जे खटकतंय ते बहुधा हेच. यात तुमचं काही चुकलेलं नाही, मागणीच चुकीची होती. हसायला सांगून हसू येत नाही, कारण लागतं.

आता आरशाची दुसरी बाजू. आपण आपला चेहरा जन्मभर आरशात बघतो, म्हणजे उजवीकडचं डावीकडे. भांग, तीळ, किंचित वाकडी भुवई, सगळं उलट. फोटोत ते सुलट दिसतं आणि आपल्यालाच परकं वाटतं. १९७७ साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी हे तपासून बघितलं होतं: लोकांना स्वतःचा आरशातला चेहरा जास्त आवडला, आणि त्यांच्या जवळच्यांना तोच चेहरा सुलट, म्हणजे फोटोत दिसतो तसा आवडला. तेव्हा ‘मी फोटोत विचित्र दिसते’ हे जे वाटतं, ते फक्त तुम्हाला वाटतं. तुमच्या आईला, आजीला, होणाऱ्या नवऱ्याला तुम्ही रोज जशा दिसता तशाच फोटोत दिसता.

सेल्फीने आणखी घोळ घातलाय. मोबाईल हातभर लांब, लेन्स रुंद, त्यामुळे जे लेन्सच्या जवळ ते मोठं दिसतं, आणि चेहऱ्यात सगळ्यात पुढे असतं नाक. एक फुटावरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरून काढलेल्या फोटोच्या मानाने जवळपास ३० टक्के रुंद दिसतं, असं २०१८ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी गणित मांडून दाखवलं. आम्ही नवरीचा जवळचा फोटो ८५ एमएमच्या लेन्सने सहा-सात फुटांवरून काढतो. सेल्फी बघून चेहऱ्याबद्दल जे मत बनवलंय, ते लग्नाच्या फोटोला लागू होत नाही.

मग करायचं काय? माझ्या अनुभवाचं सार एवढंच आहे की हाताला काम आणि नजरेला माणूस मिळालं की चेहरा आपोआप सुटतो.

यावल तालुक्यातलं एक लग्न सांगतो. मे महिना, नवरी शाळेत शिक्षिका. धाब्याच्या घराच्या ओट्यावर मी तिला बसवलं, उजेड सुरेख होता, शालू सुरेख होता, आणि ती पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखी ताठ. मी दहा मिनिटं ‘मान थोडी इकडे, खांदे सैल’ करत राहिलो. प्रत्येक सूचनेनंतर ती आणखी आखडत गेली. शेवटी कॅमेरा खाली ठेवला. तिचा धाकटा भाऊ समोरून चालला होता, फेट्याचा शेमला सुटून पाठीवर लोंबत होता. मी म्हटलं, ताई, त्याचा फेटा बघा जरा. तिने त्याला दंडाला धरून जवळ ओढलं, सेफ्टी पिन दातांत धरली, शेमला दोन्ही हातांनी वर खोचत त्याला रागे भरायला लागली. आदल्या रात्रीची मेंदी, बोटांची टोकं अजून गडद, दातांत पिन, भुवया वर, आणि तो भाऊ हसू दाबत मान खाली घालून उभा. मी नऊ फोटो काढले. त्यातला एक त्यांच्या माहेरी बैठकीत लावलाय. त्यात ती कॅमेऱ्याकडे बघतही नाही.

तेव्हापासून मी ‘पोझ द्या’ म्हणणं जवळपास सोडलं. बांगड्या नीट करा म्हणतो. आजीच्या नथीचा फास बघा म्हणतो. वडिलांच्या कपाळावरचा गंध पुसटला असेल तर नवरीलाच तो लावायला सांगतो. तुम्ही हे फोटोग्राफरने सांगायची वाट बघू नका. सकाळी तयार होताना जी कामं हाताशी असतील ती करा. कोणी म्हणेल, नवरी मुलीने बसून राहायचं असतं. बसा, पण धाकट्या बहिणीची वेणी तुमच्या हातात द्यायला सांगा.

आमच्या चाळीसगावला स्टेशनाजवळ केकी मूस यांचं घर आहे, आता तिथे कलादालन आहे. कधी गेला नसाल तर जाऊन या. हा माणूस वर्षानुवर्षं घराबाहेर न पडता टेबलावर छोट्या छोट्या वस्तू मांडायचा आणि त्यांतून आख्खी निसर्गदृश्यं उभी करून फोटो काढायचा. पोरवयात वडिलांनी मला तिथे नेलं होतं, आणि बरीच वर्षं मला वाटायचं की फोटोग्राफी म्हणजे हेच, सगळं हवं तिथे मांडणं. वस्तूंच्या बाबतीत ते खरंच आहे. लग्नातली नवरी तशी मांडायला गेलो की ती घाबरते, हे कळायला मला काही सीझन गेले.

आणि एक चूक तर मला अजून बोचते. धंद्याच्या सुरुवातीची वर्षं होती, नंदुरबारकडचं लग्न. नवरी काही केल्या हसेना. मी स्टेजसमोरून ओरडत होतो, ‘हसा ना ताई, लग्न आहे तुमचं, हसा ना.’ वीसेक वेळा तरी म्हणालो असेन. पंगतीला बसल्यावर तिची मावशी शेजारी येऊन हळूच म्हणाली, भाऊ, तिचे वडील दिवाळीत गेले, कन्यादान काकांनी केलं. मला पुढचा घास गिळवेना. मी विचारलंच नव्हतं. आता लग्न ठरलं की मी मुलीशी एकदा तरी फोनवर बोलतो आणि विचारतो: घरात कोणी नाहीये का, कोणाच्या जवळ उभं राहायला आवडतं, कोणाजवळ नकोसं वाटतं, लहानपणापासून चेहऱ्यावरून कोणी काही बोललंय का. या शेवटच्या प्रश्नाला बऱ्याच मुली थोडा वेळ गप्प होतात आणि मग सांगतात. कोणाला दातांवरून चिडवलेलं असतं, कोणाला रंगावरून. ते एकदा सांगून झालं की लग्नाच्या दिवशी निम्मं ओझं उतरलेलं असतं. तुमच्या फोटोग्राफरने नाही विचारलं तर तुम्हीच सांगा. चांगला माणूस असेल तर ऐकून घेईल.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. मी सांगतोय त्यातलं बरंचसं तुमचा फोटोग्राफर कोण आहे, त्याच्यासोबत किती माणसं आहेत आणि घरच्यांनी काय काय ठरवलंय यावर अवलंबून आहे. काही ठिकाणी एकच जण फोटो आणि व्हिडिओ दोन्ही करतो. आता बहुतेक ठिकाणी ट्रेडिशनल फोटो, ट्रेडिशनल व्हिडिओ, कँडिड, सिनेमॅटिक आणि ड्रोन असं पाच जणांचं पॅकेज असतं. पाच जण म्हणजे पाच तोंडं. एक म्हणतो इकडे बघा, दुसरा म्हणतो इकडे, मागून मामा मोबाईल धरून ओरडतो ‘अठे देखा, अठे देखा!’ कसलेल्या माणसाचाही चेहरा बावरेल. म्हणून आधीच ठरवून घ्या: सूचना एकानेच द्यायच्या. बाकीच्यांनी मिळेल ते टिपायचं. ही अट मी माझ्या टीमला स्वतः घालतो, आणि घरच्यांनी आठवण करून दिली तर मला राग येत नाही.

दुसरी अट, हात न लावण्याची. मान वळवायला, पदर सारखा करायला फोटोग्राफरने हात पुढे केला की बहुतेक मुली आतून आक्रसतात, आणि ते फोटोत दिसतं. माझ्याकडे एक ताई मदतनीस आहेत, पदर-दागिने त्याच बघतात, आणि तोंडाने अहिराणीत ‘कसाले घाबरस वं माय?’ म्हणत राहतात. तशी बाई तुमच्या फोटोग्राफरकडे नसेल तर एखादी मैत्रीण किंवा वहिनी त्या कामाला नेमा. फोटोग्राफरने तोंडाने सांगावं, हात वहिनीचा लागावा. हे मागायला अजिबात संकोच करू नका.

आता स्टेज. सगळ्यात जास्त चेहरे तिथे बिघडतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे पत्रिकेत १२ वाजून १५ मिनिटांचा मुहूर्त असतो आणि बँडपुढचं नाचणं आटपून लग्न लागतं दोन-अडीचला. नवरी पहाटे पाचला उठलेली, मेकअपला आठपासून बसलेली, पोटात चहाशिवाय काही नाही. अंगावर सात-आठ किलोचं साडी-दागिन्याचं ओझं, बाहेर ४४-४५ डिग्री. त्यानंतर आहेराची रांग लागते, ती दोन-दोन तास हलत नाही. एवढ्या वेळात चेहरा आखडला तर तो लाजरेपणा नसतो, उपास आणि थकवा असतो. लग्न लागेपर्यंत जेवायचं नाही अशी तुमच्या घरी रीत असेल तर ती पाळा, पण लिंबू सरबत, कैरीचं पन्हं चालतं का ते आजीला आत्ताच विचारून ठेवा. आणि लग्न लागलं की आधी दोन घास खायचे, मग स्टेजवर उभं राहायचं, हे वडिलांकडून कबूल करून घ्या. पाहुणे पंगतीला बसलेले असतात, वीस मिनिटांनी कोणाचं काही अडत नाही. मी तर नवरा-नवरीला सोबत जेवायला बसवतो आणि तेव्हा एकच जण कॅमेरा घेऊन थांबतो. वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी समोर आली की त्या दोघांत जे बोलणं चालतं, तसे फोटो स्टेजवर चार तासांत मिळत नाहीत.

रांगेत सलग हसत राहू नका. गालाचे स्नायू पाच-सात मिनिटांत थकतात आणि थरथरायला लागतात, मग हसू रडवेलं दिसतं. दोन कुटुंबांच्या मध्ये चेहरा पूर्ण सैल सोडा, ओठ मिटा. पुढचं माणूस पायरी चढताना त्याच्याकडे बघा, ओळखा, नावाने बोला: ‘काका, केव्हा आलात?’ तुम्ही खरंच त्यांना भेटताय, तेव्हा जे हसू येईल ते घेऊनच कॅमेऱ्याकडे वळा. कॅमेऱ्याकडे आधी बघून मग हसू शोधायला गेलात की ते सापडत नाही. चेहरा फारच अडकलाय असं वाटलं तर डोळे मिटा, श्वास सावकाश पूर्ण सोडा, खांदे खाली येऊ द्या, आणि श्वास सोडून झाल्यावर डोळे उघडा. फोटो त्याच क्षणी काढायचा, हे फोटोग्राफरला सांगून ठेवा. व्हिडिओच्या दिव्याने डोळे बारीक होतात त्यावरही हाच उपाय आहे. दिवा सरळ तोंडावर असेल तर तो वर आणि बाजूला घ्यायला लावा.

स्टेजवरची आणखी एक गोष्ट, जी फार कोणाच्या ध्यानात येत नाही. हल्ली लॉन्सवर मोठा एलईडी स्क्रीन लावतात आणि त्यावर नवरीचा चेहरा दहा फूट मोठा थेट दिसत असतो. तो स्क्रीन तुमच्या समोर असेल तर तुमची नजर दर मिनिटाला तिकडे जाणार, आणि आरशाचंच दुखणं दहापट होणार. मंडपवाल्याला सांगून स्क्रीन स्टेजच्या बाजूला किंवा मागे लावून घ्या, म्हणजे पाहुण्यांना दिसेल, तुम्हाला दिसणार नाही. गेल्या तीन-चार वर्षांत मी हा बदल जिथे जिथे करून घेतलाय, तिथे नवरीच्या चेहऱ्यात फरक पडलाय.

हातांबद्दल तुम्ही विशेष विचारलंय. उभं राहताना वजन एका पायावर टाका, दोन्हींवर सारखं नको. एक हात पदराच्या काठाला, दुसरा नवऱ्या मुलाच्या दंडाला किंवा नुसता खाली, बोटं सैल. हात पोटाशी घट्ट जुळवून ठेवले की खांदे वर येतात आणि सगळं अंग आखडलेलं दिसतं. हनुवटी वर उचलू नका, कपाळ अगदी किंचित पुढे घ्या. बस, एवढंच ध्यानात ठेवा. याहून जास्त सूचना डोक्यात घेऊन उभ्या राहिलात तर तुम्ही पुन्हा आरशासमोर गेल्यासारखंच होईल.

चष्मा ठेवा. ज्या चेहऱ्याने घरचे तुम्हाला ओळखतात तो चष्म्यासकटच आहे. नंबर असताना काढलात तर डोळे बारीक करून बघाल, समोर कोण आलंय ते दिसणार नाही, आणि मी वर सांगितलं ते माणसाकडे बघणंच संपेल. काचेवर चमक येऊ नये म्हणून अँटी-रिफ्लेक्शन कोटिंगची काच घ्या. तरी चमक आलीच तर काड्या कानावर किंचित वर उचलून बसवा, काच जरा खाली झुकते आणि चमक जाते. फक्त उन्हात काळी होणारी काच नको. मे महिन्यात मांडवाबाहेर आलात की सगळे फोटो गॉगल घातल्यासारखे येतील. कॉन्टॅक्ट लेन्स लावायच्याच असतील तर निदान महिनाभर आधीपासून सवय करा. होमाच्या धुरात पहिल्यांदाच लावून बसू नका.

मेकअपबद्दल एवढंच सांगतो की ट्रायल दुपारी घ्या आणि खोलीबाहेर येऊन मान, हात आणि चेहरा एकत्र दिसेल असा फोटो काढा, एक साध्या उजेडात, एक फ्लॅश मारून. काही पावडरी फ्लॅशखाली पांढऱ्या उमटतात. आणि चेहरा दोन छटा उजळ करून देऊ का असं कोणी विचारलं तर नाही म्हणा. हात तुमचेच राहतात, आणि मुलगी दिवसभर स्वतःच्या चेहऱ्यात पाहुणी असल्यासारखी वावरते. हे मी पुष्कळ बघितलंय आणि मला ते बघवत नाही.

मांडवाच्या कापडाचंही बघा. लाल-पिवळ्या कापडाखाली भरदुपारी सगळ्यांचे चेहरे लाल-पिवळे येतात, नंतर ते दुरुस्त करणं जिकिरीचं असतं. हळदीला तरी पांढरं कापड लावायला सांगा. दोघांचे निवांत फोटो भरउन्हात नकोत, डोक्यावरच्या उन्हाने डोळ्यांखाली आणि नाकाखाली काळ्या सावल्या पडतात. वैशाखात सूर्य सातच्या सुमारास मावळतो. पाठवणी त्याआधी नसेल तर सहा ते साडेसहा एवढा अर्धा तास दोघांसाठी राखून ठेवा. पाठवणी लवकर असेल तर घराच्या दारात, सावलीत उभं राहून तोंड बाहेर उजेडाकडे करा. तो उजेड फार मऊ असतो.

आता प्री-वेडिंग. तुमचा नवरा मुलगा म्हणतोय ते अगदीच चूक नाही. कॅमेऱ्याची सवय होते, पण त्याहून मोठा फायदा म्हणजे फोटोग्राफरची ओळख होते. दिवसभर गाऊन घालून किल्ल्यावर पळापळ केली तर उलट होतं, तिथेही हुकूमच पाळायचे असतात. आणि आजीला पसंत नसताना, घरात ताण ठेवून केलेल्या फोटोंत तो ताण दिसतो. तेव्हा आजीचा शब्द राखा. त्याऐवजी फोटोग्राफरला बस्त्याच्या दिवशी तासभर बोलवा, किंवा संध्याकाळी घरी चहाला. कॅमेरा पिशवीत असू दे. निघताना दहा मिनिटं त्याने आईचे, आजीचे, गोठ्यातल्या वासराचे, तुमचे असे चार फोटो काढावेत आणि तिथेच दाखवावेत. आजीचा फोटो छान आला की आजीही त्याच्या बाजूने होते, हे वेगळंच. बाहेर कुठे जायचंच ठरलं तर सकाळी लवकर शेतात जा. केळीच्या बागेत सगळ्यांना जावंसं वाटतं, पण आत शिरलं की पानांतून गाळून आलेला हिरवा उजेड चेहऱ्यावर बसतो. बागेच्या कडेला, बांधावर थांबायचं, केळी मागे ठेवायच्या.

हळदीचा दिवस मात्र वाया घालवू नका. तुमच्यासाठी खरा सराव तोच आहे. हयद, म्हणजे हळद, लावताना बायका अहिराणी गाणी म्हणतात, त्यात नवरीला, करवल्यांना, विहिणीला चिमटे असतात, आणि ते ऐकताना हसू रोखता येत नाही. चेहरा आधीच पिवळा झालेला असतो, केस विस्कटलेले असतात, नीट दिसायचं कोणी बंधनच ठेवत नाही. त्या दिवशी कॅमेरा आसपास आहे हे अंगवळणी पडलं की दुसऱ्या दिवशी त्याची भीती निम्मी होते. म्हणून पैसे वाचवायला हळदीला दुसरा कोणी फोटोग्राफर लावू नका, जो लग्नात असेल तोच हळदीला असू द्या. आणि उखाणा अजून ठरवला नसेल तर पाठ करून ठेवा, पण जरा लांब घ्या. नाव घेताना मुलगी शब्द आठवत असते, सगळ्यांचे कान तिच्याकडे असतात आणि शेवटच्या ओळीला तिला स्वतःलाच हसू फुटतं. तो फोटो मी २४ वर्षांत क्वचितच चुकलेला बघितलाय.

फोटोग्राफरशी बोलताना विसरू नये म्हणून एकदा सांगतो: बोलणार एकच जण, पदराला हात वहिनीचा, स्क्रीन नजरेआड, दिवा बाजूला, लग्न लागल्यावर आधी जेवण, हळदीला तोच माणूस. पाच मिनिटांचा फोन आहे. तुम्हाला संकोच वाटत असेल तर नवऱ्या मुलाला करायला लावा, तो मोकळा आहे म्हणता तर हे काम त्याच्याकडे जाऊ द्या. आणि त्याला आणखी एक सांगा: स्टेजवर तुमच्या कानात अधूनमधून काहीतरी बोलत राहायचं. काय बोलतो याने फरक पडत नाही. वर सांगितलेलं ‘कारण’ तुम्हाला त्याच्याइतकं सहज दुसरं कोणी देणार नाही.

शेवटी तुम्ही विचारलंय, पाठवणीच्या वेळी रडू आलं तर फोटो खराब येतील का, आई आत्तापासून ‘रडू नको, काजळ पसरेल’ म्हणतेय. ताई, रडू आलं तर रडा. काजळ न पसरणारं मिळतं, त्याची चिंता मेकअप करणाऱ्या ताईंवर सोडा. पाठवणीला मी फ्लॅश बंद करतो, लांबची लेन्स लावतो आणि दहा-बारा पावलं मागे सरकतो, व्हिडिओवाल्यालाही मागे घेतो. मुलगी आईच्या गळ्यात पडलेली असताना कोणी तिला मान वळवायला सांगू नये, असं मला फार मनापासून वाटतं. तुमच्या फोटोग्राफरला त्या फोनवर हेही सांगून ठेवा: गाडीचं दार लागेपर्यंत ‘इकडे बघा’ कोणीही म्हणायचं नाही.